निळं असेल तर चालू द्या

नीळकंठराव वैरागडे यांच्याबरोबर फिरायला निघालं, की वाटेतल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरपाशी थांबावं लागतं. लोक देवळापाशी चपला काढतात, तसे नीळकंठराव ट्रान्सफॉर्मरच्या जाळीपाशी चष्मा कपाळावर चढवतात आणि टाकीच्या कडेला लटकणाऱ्या काचेच्या एका भांड्याकडे बघतात. त्या भांड्यात दाणे असतात. दाणे निळे असले तर ते पुढे चालू लागतात. गुलाबी पडलेले असले तर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात आणि घरी पोचल्यावर वीज कार्यालयात फोन लावतात. तिथली माणसं आता त्यांचा आवाज ओळखतात.

मी आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात हिशेब विभागात होतो. कोणता ट्रान्सफॉर्मर कितीला गेला हे मला ठाऊक असे, तो आतून कसा असतो हे नाही. ते मला नीळकंठरावांनी शिकवलं. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तेल असतं. तापलं की ते फुगतं, निवलं की आक्रसतं आणि बाहेरची हवा आत ओढतं. म्हणजे ट्रान्सफॉर्मर चक्क श्वास घेतो. आत जाणारी हवा कोरडी असावी म्हणून तिच्या वाटेत हे दाणे ठेवलेले असतात. कोरडे असेपर्यंत ते निळे राहतात, ओल पिऊन तुडुंब झाले की गुलाबी होतात. कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, ‘नीला है तो चलने दो, गुलाबी है तो बदल दो.’ नीळकंठरावांची सगळी नोकरी या एका वाक्याच्या आसपास गेली.

त्यांचा जन्म नागपूरचा, महाल भागातला. नवं मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हा त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये राहिले. नीळकंठराव तेव्हा बोट धरून चालण्याच्या वयाचे होते. पुढे आयटीआय करून ते आमच्या कारखान्यात तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले. टाकीतून तेल काढायचं, त्यात किती आम्ल तयार झालंय ते बघायचं, हे त्यांचं काम. ‘तेल एकदम मरत नाही भाऊ, ते आंबत जाते,’ असं ते सांगत. हवेतला ऑक्सिजन तेलाला हळूहळू खातो, मग आम्ल होतं, मग गाळ बसतो, आणि तो गाळ तेल खेळण्याच्या बारीक वाटा बुजवतो. घरात ते नागपुरी मराठी बोलतात, बाहेर हिंदी, आणि माझ्या मराठीला ‘छापील’ म्हणतात.

भरतीच्या वेळच्या फोटोत ते काडीसारखे दिसतात. मग पाळीच्या कॅन्टीनमधले समोसे, रविवारचे पोहे-जलेबी आणि बढतीनंतरची खुर्ची यांनी आपापलं काम केलं. तंबाखू त्यांनी चाळिशीतच सोडली, पण वजन धरून ठेवलं. निवृत्तीनंतर सोनागिरीत स्वतःचं घर बांधून राहायला गेल्यावर तर पोटाला कुंपणच उरलं नाही. स्कूटरवर ते आणि त्यांच्या पत्नी वसुधावहिनी निघाले, की वहिनींना मागच्या चाकावरच बसल्यासारखं वाटे, असं त्या स्वतःच सांगत.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांच्या घराच्या फाटकाची लोखंडी कड उजव्या नडगीला लागली. खरचटलं, एवढंच. पण गणपती गेले, नवरात्र आलं, तरी ती जखम भरेना. शिवाय चालताना त्याच पायाची पोटरी वळायची. थांबलं की दुखणं जायचं, चाललं की परत यायचं.

एका सकाळी वसुधावहिनी आमच्या बरखेड्याच्या घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या, तेव्हाच मला कळलं की काम गंभीर आहे.

“भाऊजी, तुम्हीच चला अन् त्यांना सांगा. माझं ऐकत नाहीत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, ‘मी माझी ट्रीटमेंट सुरू केली आहे.’ दिवसभर खुर्चीत बसून आहेत.”

“कसली ट्रीटमेंट?”

“ते तुम्ही त्यांच्या तोंडूनच ऐका. मी सांगितलं तर तुम्ही हसाल.”

मी गेलो. नीळकंठराव व्हरांड्यात बसले होते. पाय स्टुलावर, शेजारच्या तिपाईवर गोळ्यांच्या दोन बाटल्या.

“या भाऊ. वसुधाने पाठवलं ना?”

“हो. पाय बघायला आलोय.”

त्यांनी पट्टी सोडली. रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती. मधला भाग फिकट, राखाडी, आणि भोवतीची कातडी निळसर.

“भरत नाहीये हो ही.”

“निळी आहे न? निळं असेल तर चालू द्या,” ते हसून म्हणाले. मग मात्र गंभीर होऊन त्यांनी मला आपला विचार समजावला. पोटरी वळते, म्हणजे ओव्हरलोड. तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचा लोड आधी कमी करतात, म्हणून त्यांनी चालणं बंद केलं. आत ऑक्सिडेशन चाललेलं असणार. तेलात ते रोखायला एक द्रव्य घालतात, माणसासाठी ‘अँटिऑक्सिडंट’च्या गोळ्या मिळतात, म्हणून त्या सुरू केल्या. एक बाटली पुरेशी वाटेना, म्हणून दोन.

“माझ्या हिशेबात काही चूक असेल तर काढा,” ते म्हणाले.

मला चूक काढता येईना. बी.कॉम. झालेल्या माणसाला तो हिशेब बरोबरच वाटला. पण जखम समोर होती आणि ती तो हिशेब मानत नव्हती. एवढंच मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन शाहपुऱ्याला गेलो. तिथे डॉ. कांचन पेंडसे रक्तवाहिन्यांच्या विकारांचा दवाखाना चालवतात. वयानं आमच्या मुलांएवढ्या. त्यांनी दंडाचा रक्तदाब मोजला, मग घोट्यापाशी पट्टा बांधून तिथलाही मोजला, एका पेनासारख्या यंत्रानं पायातल्या रक्ताचा आवाज आम्हाला ऐकवला. डाव्या पायाचा आवाज खणखणीत होता. उजव्याचा दुरून कोणी झाडू मारावा तसा.

“काका, उजवीकडची रोहिणी, म्हणजे पायाला रक्त नेणारी नळी, अरुंद झाली आहे. जखमेपर्यंत रक्त कमी पोचतंय. साखरही काठावर आहे. रोज किती चालता?”

“चालणं बंद केलं आहे, मॅडम. लोड कमी केला.”

मग नीळकंठरावांनी डॉक्टरांनाही आपली सगळी मांडणी ऐकवली. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या, पण गोळ्यांच्या बाटल्या हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाल्या, “ऑक्सिडेशनचं तुमचं बरोबर आहे. म्हणजे अर्धा पेपर तुम्ही सोडवलाय.”

“आणि अर्धा?”

“तुम्ही तेलाचा विचार केलात. टाकीत तेलाशिवाय काय असतं?”

“तांब्याच्या तारा. अन् तारांवर कागद गुंडाळलेला असते.”

“आणि कागद खराब झाला तर?”

नीळकंठराव खुर्चीत पुढे सरकले. “मग संपलं. तेल गाळता येते, बदलता येते. कागद नाही बदलता येत. ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे कागदाचं आयुष्य.”

“रक्तवाहिनीला आतून असंच एक अस्तर असतं. एकाच पेशीच्या जाडीचं. ते निरोगी असलं की एक वायू सोडतं, त्यानं नळी सैल राहते, रक्त नीट वाहतं. आता तुमचं पोट. ते चरबीचं गोदाम आहे असं समजू नका. तो चालू कारखाना आहे. तिथून सूज वाढवणारी रसायनं रात्रंदिवस रक्तात येतात, ऑक्सिडेशन वाढतं, आणि ते तो वायूच खाऊन टाकतं. नळी आवळते. अस्तर चिकट होतं. मग त्यावर थर बसतो.”

“गाळ,” नीळकंठराव म्हणाले.

“जवळजवळ. पण एक फरक आहे. तुमचा कागद बदलत नाही म्हणालात. हे अस्तर दुरुस्त होत असतं. रोज. शेजारच्या पेशी वाढून भोक बुजवतात. शिवाय हाडांच्या मज्जेत काही मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात, त्यांच्यापासून तयार झालेल्या पेशी रक्तातून फिरत येतात आणि जिथे अस्तर फाटलंय तिथे मदत करतात. पूर्वी वाटायचं की त्या स्वतःच अस्तर होऊन बसतात. आता असं दिसतंय, की बऱ्याच जणी नुसता निरोप देतात, आजूबाजूच्यांना कामाला लावतात. याचा पुरता उलगडा अजून कुणालाच झालेला नाही.”

नीळकंठरावांचा चेहरा मी आयुष्यात असा पाहिला नव्हता. पायाचं ते विसरले होते.

“म्हणजे मशीन चालू असताना कागद नवा होते? लाइन बंद न करता?”

“लाइन बंद केली तर आपण मरू, काका.”

“बाप्पा!” ते माझ्याकडे वळले. “आपल्याकडे चालू लाइनवर हात लावला तर नोकरी जाते.” मग परत डॉक्टरांकडे. “तर मग माझ्याकडे काहून येऊन नाही राहिले ते कामगार?”

“लठ्ठपणात ते कमी निघतात. निघाले तरी सुस्त असतात. ज्या ऑक्सिडेशननं अस्तर बिघडतं, तेच या पेशींनाही मारतं. मिस्त्री पाठवला आणि मिस्त्रीच आजारी पडला, असं.”

“बाहेरून टाकता येत नाहीत? स्टेम सेलचं इंजेक्शन देतात म्हणे. पेपरात जाहिरात होती.”

“संशोधन चाललंय. पायाच्या बाबतीत खात्रीनं सांगावं असं अजून काही नाही. आणि आम्लाच्या टाकीत नवा मिस्त्री उतरवून काय होणार? आधी टाकी सुधारा. या गोळ्याही बंद. मोठमोठ्या चाचण्यांमध्ये यांचा रक्तवाहिन्यांना उपयोग दिसलेला नाही. शरीर स्वतःचं द्रव्य स्वतः बनवतं, आणि ते बनवायला लागतं चालण्यानं. मूळपेशीसुद्धा चालल्यावर जास्त बाहेर पडतात. तुम्ही लोड कमी केलात काका, तिथेच चुकलात. तुमच्या मशीनला लोड हवाय.”

जखम तळपायाला नव्हती, संसर्ग नव्हता, म्हणून डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. रक्तासाठी आणि चरबीसाठी गोळ्या दिल्या, जेवणातली भात-साखर कमी केली, पट्टी रोज बदलायला सांगितली. मग आवाज न चढवता म्हणाल्या, “दिवाळीनंतर परत बघू. जखम भरायला लागली नसेल तर रोहिणी उघडण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल. तीही पुरली नाही आणि जखम चिघळली, तर पाय वाचवणं अवघड होतं. हे मी आजच सांगते. आणि मधे काहीही बदल दिसला तर दिवाळीची वाट बघू नका, लगेच या.”

परतीच्या वाटेवर मी पायाबद्दल धीर देण्याची तयारी करत होतो. नीळकंठराव रिक्षाच्या बाहेर बघत होते. शाहपुरा तलाव मागे पडल्यावर म्हणाले, “भाऊ, त्या हाडातल्या पेशीला कोण सांगते, की नडगीवर काम निघालं आहे?”

दुसऱ्या दिवसापासून ते चालू लागले आणि वहिनींच्या सांगण्यावरून मीही सकाळी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पोटरी वळली की थांबावं लागे. रस्त्यात नुसतं उभं राहायची त्यांना लाज वाटे, म्हणून त्यांनी थांबे ट्रान्सफॉर्मरपाशीच ठरवले. दुखत असलं की दाणे बघायचे. सोनागिरीतल्या किराणा दुकानदारानं एकदा हाक मारली, “क्यों वैरागडेजी, पेन्शन में भी ड्यूटी?”

“ओव्हरटाइम है,” नीळकंठराव म्हणाले आणि पोटरी चोळत उभे राहिले.

घरी वहिनींनी जलेबीचं नाव काढायला बंदी केली. “मी रात्री स्वप्नात तरी खाऊ का?” असं नीळकंठरावांनी विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “खा. पण चावून खा.” पँट ढिली व्हायला लागली. स्कूटरवर आपल्याला आता सीट मिळते, असं वहिनींनी आमच्या घरी जाहीर केलं.

पण नीळकंठरावांचं समाधान होत नव्हतं. आयुष्यभर नमुना काढून, तपासून, मग मत देणारा माणूस. त्यांनी दवाखान्यात फोन करून विचारलं, की माझ्या रक्तात त्या पेशी किती आल्या ते मोजून द्या. डॉक्टरांनी सांगितलं, की ती मोजणी फक्त संशोधनाच्या प्रयोगशाळेत होते. हे ऐकून ते खट्टू झाले. “चालून तर राहिलो, पण आत कोणी आलं की नाही, कसं कळावं? बाहेर काचेचं भांडंही नाही.”

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ते सकाळी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो तर ते पुन्हा त्या व्हरांड्यात, स्टुलावर पाय, चेहरा उतरलेला. वहिनी दारात उभ्या.

“परवापासून असेच बसले आहेत,” त्या म्हणाल्या. “पट्टी मलाही सोडू देत नाहीत. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, दिवाळी होऊ दे. घरात सणाचं नाव आहे अन् मी चकलीचा सोऱ्याही काढला नाही.”

“दुखतंय का?” मी विचारलं.

“नाही.”

“ताप?”

“नाही.”

“मग?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग वहिनी आत गेल्यावर हळूच म्हणाले, “रंग बदलला.”

त्यांनी पट्टी सोडली. भोवतीचा निळसरपणा ओसरला होता. राखाडी भाग नाहीसा झाला होता, आणि जखमेच्या तळाशी बारीक बारीक दाणे उठले होते. गुलाबी.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांना काय वाटलं असेल ते कळलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, बदल दिसला तर लगेच या. आणि हा माणूस मुद्दाम गेला नव्हता. ज्यानं सारं आयुष्य गुलाबी दाणे दिसले की ‘बदलून टाका’ असं लिहिलं, त्याला डॉक्टरही तेच म्हणणार याची खात्री होती. फक्त इथे बदलायला काही नव्हतं, कापायलाच होतं.

“नीळकंठराव, हा पाय आहे. ट्रान्सफॉर्मर नाही.”

“समजते हो मला. डोकं समजते. डोळे नाही समजत,” ते म्हणाले. “रोज सकाळी पट्टी सोडतो अन् लगेच परत बांधतो. दिवाळी तरी दोन पायांवर करू म्हटलं. वसुधाले सांगू नका.”

पण वहिनींनी पडद्यामागून सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात स्कूटरची किल्ली होती. “उठा. तुमचे डोळे राहू द्या इथे, पाय घेऊन चला.”

मी माझ्या स्कूटरवर मागून गेलो. दवाखान्यात गर्दी होती. नीळकंठराव बाकावर असे बसले होते, की जणू निकाल त्यांना आधीच ठाऊक आहे आणि आता फक्त सही राहिली आहे. आत गेल्यावर डॉ. कांचन यांनी पट्टी सोडली, दिवा जवळ घेतला आणि वाकून बघितलं. मग मान वर केली.

“हे कधीपासून?”

“तीन दिवस झाले,” नीळकंठराव म्हणाले. “गुलाबी पडलं. दाणे आले.”

“आणि तुम्ही आज येताय? काका, याचीच तर मी वाट बघत होते!”

डॉक्टरांनी दिवा आणखी जवळ ओढला.

“हे दाणे म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांची टोकं आहेत. केसाहून बारीक. जखमेच्या तळातून वर उगवतायत, म्हणून दाणेदार दिसतं. रक्त पोचलंय, म्हणून गुलाबी. मग तुम्ही घाबरलात कशाला?”

“निळं चांगलं असते आमच्यात,” नीळकंठराव म्हणाले. “गुलाबी म्हणजे बदलून टाका.”

डॉक्टरांना आधी काही समजलं नाही. मग मी काचेच्या भांड्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून त्या हसल्या नाहीत. “म्हणजे भांडं होतंच की तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “फक्त उलटं वाचायचं होतं.”

घोट्याचा दाब त्यांनी पुन्हा मोजला. थोडा सुधारला होता, थोडाच. त्या म्हणाल्या, रोहिणी अजून अरुंदच आहे, ती एका महिन्यात रुंद होत नसते. पण आजूबाजूच्या लहान वाहिन्यांनी वाट काढलेली दिसते. शस्त्रक्रिया सध्या नको. चालणं थांबवायचं नाही. तीन दिवस बसून राहिलात ते आता भरून काढा. आणि बदल दिसल्यावर लपवलंत, तसं पुन्हा करू नका. या वेळी बदल चांगला होता, दर वेळी असेल असं नाही.

“त्यातल्या किती पेशी हाडातून आल्या असतील?” नीळकंठरावांनी विचारलं.

“मला नाही सांगता येणार. कोणालाच नाही सांगता येणार.”

“ठीक आहे,” ते म्हणाले, “पण आल्या.”

बाहेर पडल्यावर वहिनींनी स्कूटर सुरू केली आणि म्हणाल्या, “बसा. घरी जाऊन चकलीचं पीठ भिजवायचं आहे. तुम्हाला नाही मिळणार.”

“मी चालत येतो,” नीळकंठराव म्हणाले.

“शाहपुऱ्यापासून सोनागिरी? डोकं फिरलं का?”

शेवटी तडजोड झाली. पिपलानीपर्यंत ते माझ्या मागे बसून आले आणि तिथून आम्ही दोघं चालत निघालो, मी स्कूटर हातात ढकलत. वहिनी पुढे गेल्या. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये घरोघरी माळ्यांवरून डबे खाली उतरत होते, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून बेसन भाजल्याचा वास येत होता. नीळकंठरावांनी तो नाक भरून घेतला आणि ते चालत राहिले.

पहिला ट्रान्सफॉर्मर आला. ते थांबले नाहीत. चालता चालताच मान वळवून त्यांनी भांड्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. दुसऱ्यापाशी मात्र थांबले.

“पोटरी?” मी विचारलं.

“नाही.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “इकडे या. बघा.”

मी जाळीतून वाकून पाहिलं. भांड्यातले दाणे तळापासून वरपर्यंत गुलाबी झाले होते.

नीळकंठरावांनी खिशातून मोबाइल काढला. पलीकडून कोणीतरी काहीतरी म्हणालं असावं, कारण ते लगेच म्हणाले, “हाँ भई, वैरागडे ही बोल रहा हूँ. पिपलानीवाला बदलना पड़ेगा.” मग जरा थांबून, माझ्याकडे बघत, “नहीं नहीं, मैं ठीक हूँ. मेरा वाला चलने दो.”